सुकं की ओलं

गच्चीवर तीन निळे ड्रम होते आणि खाली दोन खोल्यांत काका होते. काकूंचा दिवस या दोन ठिकाणांत वाटून गेलेला होता, आणि खरं सांगायचं तर दोघांत ड्रमांचा स्वभाव बरा होता. त्यांना काय हवं ते कळायचं. ओलं जास्त झालं की वास यायचा, सुकं जास्त झालं की सगळं तसंच पडून राहायचं. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, पपईच्या बिया असा एक थर. त्यावर वाळका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा असा दुसरा. आठवड्यातून दोनदा काठीने खालचं वर करायचं. मधोमध हात घातला की ऊब लागली पाहिजे. मूठभर घेऊन पिळलं तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. एवढं सांभाळलं की बाकीचं देव बघतो, आणि अडीच-तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत माती हातात देतो.

काकांना काय हवं ते मात्र चव्वेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

काका एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली, आणि ती सवय घरी येताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नाही. निवृत्त झाले तेव्हा जुन्या संपादकांनी त्यांना पहिल्या पानावरची खालच्या कोपऱ्यातली एक चौकट दिली. रोज एक शब्द, तो मूळचा कुठला, आणि आजच्या तारखेला पूर्वी जगात काय घडलं. लोक चहा घेता घेता आधी तेवढंच वाचायचे. त्यावरून काकांना चौकोनकाका हे नाव पडलं आणि त्यांना ते आवडलंही.

दुपारी चार वाजता काका एका पांढऱ्या कार्डावर दुसऱ्या दिवशीचा चौकोन लिहायचे. बाजाराला जाताना काकू ते कार्ड दैनिकाच्या कचेरीत देऊन यायच्या आणि आदल्या दिवशीचं परत आणायच्या. सकाळी दहाला पेपर वाचून झाला की काका ते जुनं कार्ड काकूंच्या पुढ्यात टाकायचे. "जा, पुरून ये."

छापून आला की शब्द मेला, असं त्यांचं म्हणणं. मेलेल्याचं घरात काय काम? वही नाही, यादी नाही, कात्रण नाही. ज्याच्या डोक्यात काही राहत नाही तो वह्या ठेवतो, हे ते आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे. पेपरसुद्धा ड्रमच्या तळाशी जायचा. एकोणीस वर्षांचे शब्द असे पपईच्या बियांबरोबर कुजून माती झाले होते, आणि ती माती खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईच्या कुंड्यांत होती.

आता यातली एक गोष्ट काकांना ठाऊक नव्हती. काकू गच्चीवर बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या आणि फाडण्याआधी कार्ड वाचायच्या. एकदा सरळ, एकदा सावकाश. मग आधी उभं फाडायच्या, मग आडवं, ओठांत देवाचं नाव घेत. शाळा सातवीत सुटली होती. या पालथ्या बादलीवर ती पुन्हा सुरू झाली आणि एकही दिवस बुडाला नाही. एकोणीस वर्षांत कोणता शब्द कधी येऊन गेला याची जगात एकच नोंद होती आणि ती काकूंच्या अंबाड्याखाली होती.

शिंपीणबाईला याचा एकदा पत्ता लागला होता. ती काज करत बसली होती, तेव्हा काकू सहज म्हणून गेल्या की काज म्हणजे पोर्तुगीज भाषेतलं घर, बटणाचं घर. शिंपीणबाईने सुई थांबवून विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं. काकू म्हणाल्या, कार्डावर होतं, मागे एकदा. आणि तिला बजावलं की वर बोलू नकोस.

वर न बोलण्याला कारण होतं. चौकोनाच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. काका तेव्हा चहा घेताना काकूंना उद्याचा प्रश्न विचारून बघायचे. एका सकाळी विचारलं, बादली हा शब्द मूळचा कुठला? घरात चार पाहुणे होते. काकूंनी बिचाऱ्यांनी मनापासून विचार केला आणि म्हणाल्या, "आपलाच असेल की. घरातला."

काका हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "घरात पडलीय म्हणून आपली? अगं, घरात तूही पडलीयस."

पाहुणेही हसले, यजमान हसल्यावर पाहुण्यांनी काय करायचं? दुसऱ्या दिवशी चौकोनात छापून आलं: बादली, मूळ पोर्तुगीज शब्द बाल्दे, त्याची बालदी आणि अक्षरं उलटून बादली, आमच्या गृहमंत्र्यांना मात्र ती घरचीच वाटते. भाजीवालीने विचारलं, दूधवाल्याने विचारलं. पुढे कितीतरी वर्षं, घरात कुणी नवीन आलं की काका तो किस्सा काढायचे, काकूंचा आवाज काढून, मान वाकडी करून. शेवटचं वाक्य तेवढं पुन्हा लोकांच्या समोर बोलले नाहीत. ते फक्त घरात, दोघंच असताना, मीठ कमी पडलं की, उत्तर द्यायला उशीर झाला की. अगं, घरात तूही पडलीयस.

एवढं असूनही दोन वर्षांपूर्वी काका घसरायला लागले तेव्हा त्यांना काकूंनीच सावरलं, हे सांगितलं नाही तर काकूंवर अन्याय होईल. आधी चष्मा सापडेना, मग पेन, मग मुलाच्या गावाचं नाव. मग एका दुपारी त्यांनी लिहून दिलेलं कार्ड काकूंनी जिन्यात वाचलं. तोच शब्द दहा दिवसांपूर्वी काकूंनी स्वतःच्या हाताने फाडला होता. काकू वर आल्या, कार्डावर चहा सांडला आणि म्हणाल्या, अहो, डाग पडला, दुसरं लिहून द्या. काकांनी पंधरा मिनिटं त्यांच्या धांदरटपणाचा उद्धार केला आणि दुसरं कार्ड लिहिलं. तोवर त्यांच्या मनात दुसराच शब्द आला होता.

पुढे काकू कधी शाई फासायच्या, कधी कार्ड पिशवीत मुरगळून आणायच्या. एकदा तर म्हणाल्या, वाऱ्याने उडालं. दर वेळी बोलणी खायच्या, दर वेळी चौकोन बचावायचा. डॉक्टरांनी काकांना तपासून गोळ्या दिल्या होत्या आणि काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता त्यांच्या कलाने घ्या. कलाने म्हणजे काय हे काकूंना नव्याने शिकायचं नव्हतं.

मग उन्हाळ्यात काकू आठ दिवस तापाने पडल्या. कार्ड न्यायला कचेरीतला शिपाई यायचा. त्या आठवड्यात घमेलं हा शब्द दोनदा छापून आला, सोमवारी आणि शनिवारी. वाचकांनी कचेरीत फोन केले. कुणी हसून केले, कुणी रागावून.

जुन्या संपादकांची मुलगी आता संपादक होती. तिने घरी फोन केला तो काकूंनी घेतला. बाई भल्या स्वभावाची होती, पण आडपडदा ठेवणारी नव्हती. म्हणाली, "काकू, काकांना मी लहानपणापासून बघतेय. मला चौकोन बंद करायचा नाहीये. पण पेपरची पानं कमी होतायत आणि त्या जागेवर जाहिरातवाल्यांचा डोळा आहे. परत असं झालं तर मला थांबवावंच लागेल. कार्ड इकडे यायच्या आधी तुम्ही एकदा नजर टाकत जा ना."

काकूंनी ते काकांना सांगायचं ठरवलं. आता चोरून चहा सांडायला नको, सरळ सांगूनच बघावं, असं त्यांना वाटलं. चूक म्हणायची तर ती इथे झाली. चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव पाठीशी असून त्यांना वाटलं की या माणसाशी सरळ बोलता येईल.

सकाळची वेळ होती. शिंपीणबाई कुंड्यांसाठी माती न्यायला पाटी घेऊन दारात उभी होती. काकूंनी हळू आवाजात, शब्द निवडून सांगितलं: संपादकबाईंचा फोन होता, एक शब्द चुकून दोनदा गेला, तर मी तेवढं बघत जाईन, म्हणजे तुम्हाला त्रास नको.

काकांनी पेपर खाली ठेवला. "कोण बघणार?"

"मी."

"तू." काका शिंपीणबाईकडे वळले, प्रेक्षक असल्याशिवाय त्यांना रंग चढायचा नाही. "ऐकलंस का गं? ही माझं तपासणार. तीस वर्षं मी लोकांचं तपासलं, आता मला बादलीबाई तपासणार." मग काकूंकडे बोट केलं. "हे बघ. तुझं काम, सुकं की ओलं, एवढं बघायचं. सुकं असेल तर ड्रममध्ये टाकायचं. वाचायचं काम वाचता येणाऱ्यांचं. कळलं?"

शिंपीणबाई पाटीच्या कडेवरची माती नखाने खरवडत राहिली. तिला काकूंच्या डोक्यात काय आहे ते ठाऊक होतं, आणि बोलायचं नाही हेही ठाऊक होतं.

"कळलं," काकू म्हणाल्या आणि गच्चीवर गेल्या.

त्या दिवसापासून चहा सांडायचा बंद झाला.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. देवाची करणी म्हणा, तीन-चार महिने काही घडलं नाही. काकांचे शब्द एकमेकांना चुकवून जात होते. काकू कार्ड न्यायच्या, आणायच्या, वाचायच्या, फाडायच्या. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना त्या काहीतरी मागायच्या. काय मागायच्या ते त्यांनी स्वतःलाही कधी मोठ्याने सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या पाच तारखेचा चौकोन चांगला झाला होता. पंधराशे ब्याऐंशी साली पोपच्या हुकमाने काही देशांनी पंचांग दुरुस्त केलं, तेव्हा चार ऑक्टोबरला झोपलेली माणसं सकाळी उठली ती पंधरा ऑक्टोबरला. मधले दहा दिवस उगवलेच नाहीत. आजची तारीख त्या वर्षी नव्हतीच. आणि त्याखाली शब्द होता: बादली. गृहमंत्र्यांच्या किश्शासकट.

तो एकोणीस वर्षांपूर्वीचा शब्द, त्यामुळे एवढ्या वर्षांनी कुणाच्या लक्षात असायचं कारण नव्हतं. नव्या पिढीतले लोक नव्याने हसले. भाजीवाल्या बाईची सून हसली. काकूंनी कोथिंबीर घेतली आणि घरी आल्या.

आठ तारखेच्या दुपारी काकांनी कार्ड लिहून दिलं, नऊ तारखेसाठी. लिहिताना खुशीत होते, गुणगुणत होते. काकूंनी कार्ड पिशवीत ठेवलं, जिन्याच्या वळणावर बाहेर काढलं आणि वाचलं.

पंधराशे ब्याऐंशी साली मधले दहा दिवस उगवलेच नाहीत. आजची तारीख त्या वर्षी नव्हतीच. शब्द: बादली. आमच्या गृहमंत्र्यांना मात्र.

अक्षर सुंदर होतं. तेवढं हाताने सोडलं नव्हतं. नऊ तारीखही त्या हरवलेल्या दहांतलीच, त्यामुळे लिहिलेलं चुकीचंही नव्हतं. फक्त चार दिवसांपूर्वी ते सगळ्यांनी वाचलेलं होतं.

काकू पायरीवर उभ्या राहिल्या. वर जायला अकरा पायऱ्या होत्या. वर जाऊन एवढंच म्हणायचं होतं की अहो, हे झालंय. किंवा तेही नको. कोपऱ्यावर नळ होता, कार्ड त्याच्याखाली धरलं असतं तरी पुरे होतं. किंवा स्वतःच एक कार्ड लिहायचं. इस्त्री, चावी, पगार. डोक्यात शब्द दाटीने उभे होते. अकरा पायऱ्या. माणसाला सोडवायला देव कितीदा इतक्या जवळ येऊन उभा राहतो, आणि हाक मात्र माणसानेच मारायची असते.

शिंपीणबाईचं दार उघडं होतं. तिने मशीनवरून मान वर केली. "काय झालं काकू? काही विसरलात?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "मी काही विसरत नाही."

आणि कार्ड देऊन आल्या. येताना पाव किलो वांगी घेतली, पारखून, कीड नसलेली.

नऊ तारखेला सकाळी नऊपासून फोन वाजत होता. काकूंनी तो वाजू दिला. अकराला संपादकबाई स्वतः आल्या. हातात फुलं होती, त्यावरून काकूंना सगळं कळलं. चांगली बातमी माणसं रिकाम्या हाताने आणतात. त्यांनी काकांच्या पायाला हात लावला, पानं कमी होतायत, काळ बदललाय, एकोणीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत, असं बरंच काही म्हणाल्या. काकांना पत्ता लागेना. शेवटी त्यांनी पर्समधून दोन अंक काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पाच तारखेचा आणि नऊ तारखेचा.

काकांनी चष्मा लावला. मुद्रितशोधकाचं बोट दोन्ही चौकोनांवरून ओळीओळीने फिरत गेलं, जसं आयुष्यभर फिरलं होतं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. चूक सापडली होती. या वेळी ती कुणाची आहे हे चौकोनावरच नावानिशी छापलेलं होतं.

त्यांनी मान वर करून पाहिलं. संपादकबाईंकडे नाही, काकूंकडे. "कार्ड तूच नेलंस ना?"

"हो."

"मग तुला दिसलं नाही?"

काकू देवघराशी उभ्या होत्या, पदराला हात पुसत. "मी सुकं की ओलं, तेवढंच बघते."

संपादकबाई चमकल्या. "काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मी यांना सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "चहा ठेवू?"

चहा कुणी घेतला नाही. फुलं काकूंनी दोन दिवस ग्लासात ठेवली आणि मग ड्रममध्ये टाकली, देठ बारीक तोडून.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण काका विसरले. झालेला अपमान, दोन अंक, बाईंची फुलं, सगळं आठवड्याभरात धुऊन गेलं. राहिली ती फक्त सवय. दहा वाजले की पेपर उघडायचा आणि खालच्या कोपऱ्यात बघायचं. तिथे आता पाण्याच्या टाक्यांची जाहिरात होती.

"अगं, चौकोन कुठाय?"

"बंद झाला."

"बंद? कधी? का?"

"बादली दोनदा लिहिलीत. चार दिवसांत. लोक हसले."

काकांचा चेहरा रोज नव्याने पडायचा. कधी ते खुर्चीच्या हाताला घट्ट धरायचे, कधी म्हणायचे, मला कुणी सांगितलं कसं नाही. एकदा रडले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा पेपर उघडला, पुन्हा कोपऱ्यात बघितलं, पुन्हा विचारलं. काकूंनी पुन्हा सांगितलं. आवाज चढवला नाही, शब्द बदलला नाही. बादली दोनदा लिहिलीत. लोक हसले.

शिंपीणबाईने हे एकदा माती न्यायला आली तेव्हा ऐकलं, मग दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिने काकूंना जिन्यात गाठलं. म्हणाली, काकू, कशाला हो रोज? म्हणावं आज सुट्टी आहे. म्हणावं उद्या येईल. त्यांना कुठे उद्या आठवणार आहे?

"खोटं कसं बोलू?" काकू म्हणाल्या. "वर गेल्यावर देवाला काय तोंड दाखवू?"

शिंपीणबाई जिना उतरून गेली. त्यानंतर ती माती न्यायला सकाळची यायची बंद झाली.

रडून, विचारून, गप्प होऊन झालं की काका म्हणायचे, मग आता मी काय करू? काकू त्यांच्या हातात सालांची बादली द्यायच्या. "वर जा. ड्रम हलवायचाय." आणि काका जायचे, कठडा धरून, एकेक पायरी. काम त्यांना जमायला लागलं होतं. मूठ पिळून थेंब बघायचे, काठी तळापर्यंत घालायचे. काकू पालथ्या बादलीवर बसून सांगायच्या: तो थर राहिला, कोपऱ्यातलं काढा, वाकून काढा.

डिसेंबरातल्या एका सकाळी काका तयार माती चाळत होते. चाळणीत अंड्याची टरफलं उरली, एक काडी उरली आणि कार्डाचा एक तुकडा उरला. नखाएवढा, तपकिरी झालेला, पण अक्षरं शाबूत होती. काकांनी तो उन्हात धरला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जुनं हललं. लहान मुलाने शंख आणून दाखवावा तसा तो त्यांनी काकूंच्या पुढे धरला.

"बादली लिहिलंय." मग कपाळाला आठ्या घातल्या. शब्द समोर होता आणि त्याच्यामागचं दार उघडत नव्हतं. त्यांनी दोन-तीनदा ओठ हलवले. "हा शब्द मूळचा कुठला गं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारायचं म्हणून विचारलं होतं, हसायचं म्हणून नव्हे. हात मातीने भरलेले, मान पुढे काढलेली, उत्तरासाठी थांबलेला म्हातारा माणूस.

बाल्दे. बालदी. बादली. काकूंच्या जिभेवर होतं.

"आपलाच," त्या म्हणाल्या. "घरातला."

"हो?" काकांचा चेहरा उजळला. "असेल. घरातलाच असेल." खिशात कार्ड आणि पेन अजून असायचं. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, ड्रमच्या झाकणावर कार्ड ठेवलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं: बादली. आपलाच शब्द. घरातला. मग ते काकूंना दाखवलं. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

काकांनी समाधानाने मान हलवली आणि चाळायला वळले. काकूंनी कार्ड एकदा वाचलं, मग सावकाश पुन्हा वाचलं. फाडायला दोन्ही हातांत धरलं तेव्हा अंगठ्याला शाई लागली. लिखाण अजून वाळलं नव्हतं. म्हणून त्यांनी कार्ड कठड्यावर उन्हात ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला, आणि ते सुकेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.